मर्दनसिंह राजांचा ठोसा आणि येसू परटीण

मर्दनसिंह राजांचा ठोसा म्हणजे नुसता आवाज! दरबारात तुळईला वाळूचं पोतं टांगलेलं, त्यामागे पितळी घंटा. राजे रोज सकाळी पाय जुळवून, छाती फुगवून, ताठ उभे राहत आणि "हूं!" करून ठोसा लगावत. पोतं ढिम्म हलत नसे. राजेच दोन पावलं मागे जात. तरी दरबारी "वाहवा!" करत, कारण ज्याला त्याला आपली मान प्यारी!

एक दिवस राजांचं डोकं फिरलं आणि त्यांनी तालमीच्या गुणाजी वस्तादांना फर्मावलं,

"वस्ताद! उद्या घंटा वाजली पाहिजे! पण खबरदार! आम्हाला शिकवायचं नाही, हात लावायचा नाही, आमच्या उभं राहण्याला नावं ठेवायची नाहीत. राजाचा गुडघा फक्त देवापुढे वाकतो! घंटा वाजली नाही, तर तुम्हाला गाढवावर उलटं बसवून वेशीबाहेर घालवू. कायमचं! गाढवासकट!"

गाढव गावात एकच, येसू परटिणीचं. शिपाई ते मागायला आला आणि येसूच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझी रत्नी गेल्यावर राजवाड्याची धुणी काय तुझा बा वाहनार?"

ती तडक तालमीत गेली. गुणाजी वस्ताद रडवेल्या तोंडानं बोचकं बांधत होते.

"वस्ताद, राजांचं चुकतं तरी काय?"

"सगळंच! अगं, ठोसा हातात नसतो, टाचेत असतो. टाचेतून कमरेत, कमरेतून मुठीत! पाय फाकलेले हवेत, एक पुढे, एक मागे. गुडघे सैल, कोपरं बरगड्यांना, हनुवटी खाली. पण सांगणार कोण?"

"सांगायचं कशाला?" येसू म्हणाली. घरी येऊन तिनं धुवायला आलेली राजांची तुमान पुढ्यात ओढली.

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. येसू दाराआड उभी. राजांनी नेहमीसारखी छाती फुगवली आणि तट्! तुमानीचा नाडा तुटला!

राजांचे डोळे पांढरे झाले. हातानं धरावी तर अब्रू गेली! त्यांनी झटकन पाय फाकवले, एक पुढे, एक मागे. तरी तुमान घसरली. गुडघे वाकवले. कोपरं अंगाशी घट्ट दाबली. कुठवर उतरली ते पाहायला हनुवटी खाली घातली. वस्ताद आ वासून बघत राहिले. इतका सुरेख पवित्रा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता!

एवढ्यात तुमानीची उजवी बाजू सुटली. राजांनी टाच उचलून कमरेला असा हिसका दिला की मूठ आपसूक सुटली. धाड्! पोतं उडालं. ठण्ण्ण!

"आणखी एकदा, महाराज!" दरबार ओरडला, आणि या खेपेला मनापासून.

"नको! शाल आणा! लवकर!"

शाल कमरेला गुंडाळून राजे गरजले, "ही तुमान कुणी धुतली?"

येसू पुढे आली. "म्या, सरकार. नाडाबी म्याच ओवला. कुजका बघून!"

"आम्हाला शिकवायचं नाही, असा हुकूम होता!"

"म्या कुठं शिकवलं? बोलले न्हाई, हात लावला न्हाई, नावं ठेवली न्हाईत."

"पण आमचा गुडघा वाकला ना!"

"तो तुमी अब्रूपुढं वाकवला, सरकार. अब्रू काय देवापरीस कमी हाय व्हय?"

 राजे असे खदखदून हसले की शाल धरायला दोन सेवक धावले! वस्तादांची धिंड रद्द झाली. येसूला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. आणि त्याच दिवशी हुकूम सुटला: राजांच्या सरावाच्या तुमानीत यापुढे नाडा ओवू नये, आणि सरावाच्या वेळी दरबारात कुणी फिरकू नये!