अडलेल्या हुंकाराची कहाणी

ऐका कथामाउली, तुमची कहाणी. बायांनो, मुठीत अक्षता घ्या, हुंकार द्या, पेंगू नका.

आटपाट नगर होतं. तिथं देवीचं देऊळ होतं, देवळात एक भट होता. मोठा सोवळ्याचा. वाटेनं चालला की लोकांच्या सावल्या चुकवी, नैवेद्याचं तूप मात्र कधी चुकवीत नसे. त्या देवळात एका गरीब म्हातारीची सून झाडलोट करी. सून पोटुशी होती.

श्रावणातला शुक्रवार आला. सकाळी पाहतात तो देवीच्या नाकात नथ नाही. नगरात हाहाकार झाला. भट राजाला म्हणाला, "देवीनं मला दृष्टांत दिला. झाडणारीनंच नेली." देवीचं नाव निघाल्यावर पुरावा कोण मागतो? राजा म्हणाला, "दिवस मावळला की तिला वेशीबाहेर घाला." मग शिपायांनी सुनेला वेशीपाशी नेऊन बसवलं.

म्हातारी शेजारणीकडे गेली, दार लागलं. सावकारणीकडे गेली, दार लागलं. देवळाशी गेली, दार लागलं. मग नदीकाठी बसून रडू लागली. तिथं एक सवाशीण आली. "बाई बाई, का रडतेस?"

"माझी सून निर्दोष आहे, पण भटापुढं माझं कोण ऐकतो?"

"खरं सांगशील तर कोणी ऐकणार नाही. गोष्ट सांगशील तर सगळे ऐकतील. तुला वसा देते. पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही."

"तर मग मुठीत अक्षता द्याव्या, गोष्ट रचून सांगावी, नाव कोणाचं घेऊ नये. ऐकणाऱ्यानं बोलागणिक हुंकार द्यावा. कहाणी संपेतो पाटावरून उठू नये." इतकं बोलून सवाशीण दिसेनाशी झाली.

इकडे राजवाड्यात पूजा मांडली होती. राजा, राणी, भट, सावकारीण, सगळे पाटांवर बसले होते. कहाणी सांगायला आलेलीला परत लावू नये, अशी रीत. म्हातारी आत गेली, सगळ्यांना अक्षता दिल्या, सांगू लागली.

"एक बाई होती. देवापुढं पंचपक्वान्न ठेवी, दारी आलेल्या गरिबाला हाकलून देई." सगळे हं म्हणाले, सावकारणीचा हुंकार अडला.

"एक राणी होती. न्याय चुकला हे तिला कळे, पण भटाच्या शापाला भिऊन गप्प बसे." सगळे हं म्हणाले, राणीचा हुंकार अडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एक भट होता. त्यानं देवीची नथ चोरली, तुळशीवृंदावनात पुरली, आणि..."

"साफ खोटं!" भट पाटावरून उठला, अक्षता सांडल्या. "तुळशीत कशाला पुरीन मी?" आणि हात गेला कनवटीला.

म्हातारी म्हणाली, "भटजी, तुमचं नाव कोणी घेतलं? मी तर मनची गोष्ट सांगत्ये." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

राणी उठली. "भटजी, कनवट सोडा." भट म्हणाला, "मी सोवळ्यात आहे." राणी म्हणाली, "देवीही सोवळ्यातच होती. सोडा!" कनवट सोडली, नथ खणकन पाटावर पडली.

मग राणी अनवाणी वेशीपर्यंत धावली. सूर्य डोंगराला टेकला होता. सुनेला उठवलं, "बाई, मला कळत होतं नि मी बोलले नाही," म्हणून पोटाशी धरलं. पालखी आणली, वाजंत्री लावली, दारोदारच्या बायांनी सुनेला ओवाळलं. म्हातारी आनंदानं रडली.

राजा म्हणाला, "भटाला देशोधडीला लावतो."

म्हातारी म्हणाली, "नको महाराज. दुसऱ्या गावी जाईल नि तिथं सोवळं नेसेल. इथंच ठेवा. दर शुक्रवारी पाटावर बसवा, मुठीत अक्षता द्या, नि माझी नवी गोष्ट ऐकवा."

भट पाया पडून म्हणाला, "महाराज, देशोधडीच बरी!" सगळी सभा हसली. पण राजानं म्हातारीचं ऐकलं.

जशी कथामाउली सवाशिणीच्या रूपानं म्हातारीला पावली, तशी निर्दोषाला पावो, गप्प बसणाराला वाचा देवो, तुम्हां आम्हां समस्तांना पावो. ही साठां बोलांची कहाणी, पांचा बोलांत सांगितली, देवीच्या पायी सुफळ संपूर्ण.