बोटाने बुडवलेली वाटी

फार पूर्वी, नकाशे कापडावर काढत आणि त्यांवर घरांसाठी हळदीचा रंग वापरत त्या काळी, नदीच्या एका वळणावर एक शहर होतं. शहर म्हणायचं ते आपलं कौतुकाने. खरं तर ते फुगत चाललेलं एक गाव होतं. आधी विणकर आले, मग रंगारी आले, मग त्यांचे साडू-मेव्हणे आले, आणि बघता बघता एकाच्या ओसरीवर दुसऱ्याची चूल आली.

चावडीच्या भिंतीवर शहराचा नकाशा टांगलेला असे. घरांची जागा हळदीने पिवळी, बाजाराची गेरूने लाल, तळ्याची निळीने निळी. आणि उत्तरेला टेकडीपाशी एक मोठा तुकडा नुसता कोरा. शहर वसवणाऱ्यांनी तो मुद्दाम सोडला होता. तो मागून येणाऱ्यांचा होता. म्हणजे जे अजून जन्मले नाहीत, ज्यांच्या बैलगाड्या अजून वाटेत आहेत, त्यांचा.

कोऱ्याला रंग लावायचा तर त्याची एक रीत होती. सभेच्या जाजमावर एक जागा रिकामी ठेवायची. तिच्यापुढे पाण्याचं घंगाळ, आणि घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडायची. मग विचारायचं काम एका बाईचं. तिला हाकारीण म्हणत. ती रिकाम्या जागेकडे बघून विचारी, "मागून येणाऱ्यांनो, ही जागा आम्ही घेऊ का?" आणि वाटी भरत भरत बुडेपर्यंत सगळ्यांनी माना खाली घालून गप्प बसायचं.

रिकाम्या जागेने कधी उत्तर दिलं नव्हतं. देणार तरी कसं? पण बराच वेळ गप्प बसलं की माणसाला आतून काहीतरी टोचायला लागतं. कुणीतरी घसा खाकरायचं आणि म्हणायचं, "यंदा राहू द्या." असं करत करत तो तुकडा पाच पिढ्या कोरा राहिला.

या गोष्टीतली हाकारीण मनाने चांगली होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तुम्ही तिच्यावर रागावाल. तिची अडचणही खरी होती. रंगाऱ्यांच्या गल्लीत एका खोलीत ती, तिचा मुलगा आणि सून सगुणा राहत. भिंतीपलीकडे उकळत्या रंगाची भट्टी. सगुणाला सातवा महिना लागला होता आणि पोरगी दिवसभर धुराने खोकत होती.

एके सकाळी नगरशेठ तिच्या दाराशी आला. बाजारातली निम्मी दुकानं त्याची होती, पण बोलणं असं की साखर पेरल्यासारखं.

"हाकारीणबाई, उद्या सभा आहे. टेकडीचा तुकडा पिवळा झाला की पहिली जागा तुमच्या मुलाची. दोन खोल्या, उत्तरेचा वारा. नातवंडाला धुरात वाढवणार आहात का?"

"आणि मी काय करायचं?"

"विचारायचं ते विचारा. फक्त वाटी जरा लवकर बुडू द्या. माणसं फार वेळ विचार करत बसली की सगळं फिसकटतं."

आत सगुणा खोकत होती.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. हाकारिणीने प्रश्न विचारला, वाटी पाण्यावर सोडली, आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तिने इकडेतिकडे पाहिलं, बोट पुढे केलं आणि वाटीची कड दाबली.

वाटी खाली जाईना. तिच्याखालून काहीतरी हळूच वर ढकलत होतं. सगुणाच्या पोटावर हात ठेवला की आतून जसं लागायचं, अगदी तसं. तरी तिने डोळे मिटून जोर लावला.

डुबुक.

घसा खाकरायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. "चला, बुडाली!" नगरशेठ म्हणाला, आणि रंगाऱ्याने कुंचला हळदीत बुडवला. हाकारिणीने बोट पदराला पुसलं. घरी येऊन पुन्हा पुसलं, चुलीपुढे धरलं. बोट ओलंच राहिलं, आणि गार.

दोन महिन्यांत टेकडीवर चाळीस घरं उभी राहिली. हाकारिणीचं घर सगळ्यांत वर होतं. खिडकीतून वारा येई, सगुणाचा खोकला थांबला, मुलगा शीळ घालत कामाला जाऊ लागला. सुख होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

सगुणाचे दिवस भरले. भरून गेले. दहावा महिना लागला, मग अकरावा. सुईण रोज येई, पोटाला कान लावी आणि कपाळाला आठ्या घालून उठे.

"बाळ आहे. जिवंत आहे, हलतंय. पण यायला तयार नाही," ती म्हणाली. "आणि तुझ्याच घरी नाही गं. सतरा बायका अशाच बसल्या आहेत."

मग एकेक गोष्ट लोकांच्या लक्षात यायला लागली. गाभण गाई विणं विसरल्या होत्या. कोंबड्या अंडी उबवून दमल्या. अंड्यांतून टकटक ऐकू येई, पण कवच फुटत नसे. खुराड्यापाशी उभं राहिलं की दिवसभर ती टकटक. परगावच्या बैलगाड्या वेशीपर्यंत येत, बैल थबकत, आणि आपण होऊन माघारी वळत. चाळीस नवी घरं झाली तरी त्या वर्षी शहरात एकही नवीन जीव आला नाही.

आणि भर दुपारी, ऊन टळटळीत असताना, हाकारिणीला पावलं ऐकू येऊ लागली. अनवाणी पावलं, पुष्कळ, लहान आणि मोठी. ती घराच्या मागच्या भिंतीपाशी येत, जरा थांबत, मग भिंतीला वळसा घालून पुढे जात. ती धावत मागच्या दारी जाई. तिथे कुणी नसे. नुसती धूळ खाली बसत असे.

"आई," एकदा सगुणा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. अन्न जात नव्हतं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. "ते मला विचारतं."

"कोण गं?"

"हे." तिने पोटावर हात ठेवला. "विचारतं, आमची जागा कुठाय?"

हाकारिणीचं ओलं बोट कळा मारू लागलं. त्याच दिवशी सुईणीने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून आठ दिवस फार तर. मग ना सून, ना नातवंड." हाकारीण तिथेच भिंतीला टेकून बसली आणि हमसून हमसून रडली. मग उठली, तोंड धुतलं, आणि चावडीवर जाऊन सभेची घंटा बडवली.

सगळे जमले तेव्हा तिने बोट वर धरून दाखवलं. "वाटी बुडाली नव्हती. मी बुडवली. घराच्या लोभाने बुडवली. आज मी पुन्हा विचारणार आहे."

एकच गलका झाला. नगरशेठ हसला. "सुनेच्या काळजीने बाई भ्रमिष्ट झाली आहे. विचारू द्या तिला, मन तरी हलकं होईल."

तिने प्रश्न विचारला, वाटी सोडली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

वाटी तरंगत राहिली. एक घटका गेली, दोन गेल्या. वाटीत पाण्याचा थेंब नाही. एका शिंप्याने ती उचलून भोकातून फुंकर मारली. भोक मोकळं होतं. परत ठेवली, तरी कोरडी. आणि वाटी बुडेपर्यंत उठायचं नाही ही तर रीत. लोकांच्या पायांना मुंग्या आल्या. दुपार झाली.

मग पावलं आली. आता ती सगळ्यांना ऐकू आली. चावडीला एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि ती दाराशी येऊन थांबली. दारात ऊन होतं, दुसरं काही नाही. पण जाजमावरची रिकामी जागा हळूहळू दबली, आणि भोवती सुरकुत्या पडल्या, कुणी मांडी घालून बसल्यासारख्या.

"माझं घर मी मोडते," हाकारीण म्हणाली. "ती जागा तुमची होती. तुमची तुम्हाला देते."

वाटीच्या तळाशी पाणी चमकलं.

शिंप्याने घसा खाकरला. "माझंही घर काढतो." पाणी चढलं. विणकर बोलला, कुंभार बोलला, एकेक करत टेकडीवरचे सगळे बोलले, आणि पाणी वाटीच्या काठाशी येऊन थांबलं. वाटी बुडायला केसभर राहिली होती. सगळ्यांनी नगरशेठकडे पाहिलं. टेकडीवरची बारा घरं त्याची होती.

"नुसती वाटी आहे ही!" तो ओरडला. "काय घाबरता?" आणि त्याने बोट घालून ती दाबली.

दाबली, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. हात मनगटापर्यंत पाण्यात होता आणि तो बाहेर काढता येत नव्हता.

"कुणीतरी धरलंय," तो पुटपुटला. "बोट धरलंय. इवलीशी मूठ आहे... सोड. सोड रे बाबा." कुणी जागचं हललं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "टेकडी सोडली मी! आणि बाजारामागे माझ्या तीन वखारी आहेत, माळ्यांसकट. भाव चढेल म्हणून कुलूप घालून ठेवल्यात. ज्यांना घर नाही त्यांनी तिथे राहावं."

इतकी वर्षं माणसं ओसऱ्यांवर झोपत होती, आणि नकाशातल्या जुन्या पिवळ्या रंगातच तीन वखारी रिकाम्या उभ्या होत्या.

नगरशेठचा हात सुटला. वाटी आपोआप, सावकाश बुडाली. आणि त्याच क्षणी टेकडीवरून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. मग विणकरांच्या आळीतून दुसरा, तळ्याकडून तिसरा.

हाकारीण धापा टाकत घरी पोचली. सगुणा घामाने निथळत होती, पण हसत होती. कुशीत मुलगी होती. सुईणीने सगळं अंग पुसून कोरडं केलं होतं, तरी बाळाची एक मूठ ओली होती, आणि गार. हाकारिणीने घाबरत घाबरत आपलं बोट पुढे केलं. मुठीने ते घट्ट धरलं. जरा वेळाने सोडलं तेव्हा बोट कोरडं होतं.

टेकडीवरची घरं त्याच महिन्यात उतरवली. हाकारिणीचं बिऱ्हाड वखारीच्या माळ्यावर गेलं. तिथे वारा कमी होता, पण धूर नव्हता. नकाशाचं कापड सात वेळा धुतलं, तरी हळदीचा फिका डाग राहिला तो राहिलाच. पुढे त्या कोऱ्यातून विहिरीपुरती आणि शाळेपुरती जागा घेतली, तीही रीतसर विचारून. तेव्हापासून त्या शहरात प्रश्न विचारून झाला की हाकारीण आपले दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे मांडीवर ठेवते.

तात्पर्य: जे अजून आले नाहीत त्यांची जागा आपल्याकडे फक्त सांभाळायला असते, तिला हात लावण्याआधी वाटी आपली आपण बुडेपर्यंत थांबावं, आणि तोवर आपल्याच घरातली कुलपं आठवावीत.