सिमेंटच्या काठावरचा खेकडा

नातसून मागं लागली, पोरांसाठी एक गोष्ट लिहून द्या म्हणून. मला काय दुसरा उद्योग नाही? तरी लिहितो.

फार मागं, ओढ्याचा काठ नुकताच सिमेंटचा झाला तेव्हा, एक म्हातारा खेकडा उरलेल्या मऊ चिखलात ऐसपैस बिळात राहायचा. त्याचा नातू काठावर फुटक्या डब्यात दिवस काढायचा. ऊन वाढलं, डबा चटके द्यायला लागला. नातू म्हणाला, "आजोबा, बिळात एक कोपरा द्या, नाहीतर भाजून मरेन."

"ऐतखाऊ कुठला! तुझ्या वयात मी एका दिवसात हे बीळ खणलं. तुमच्या नांग्यांत दमच नाही."

"मग या काठात एक खणून दाखवा की."

म्हातारा फुगत आला आणि सिमेंटवर नांगी हाणली. कट्‌दिशी मोडली. नातवाला वाटलं, आता तरी कळेल.

म्हातारा उरलेली नांगी नाचवत ओरडला, "बघ! नांग्या मोडेस्तोवर राबतो आम्ही!" आणि बिळात शिरून त्यानं आतून चिखलानं तोंड लिंपून घेतलं. नातू उन्हातच राहिला.

माझा नातू भाड्याच्या खोलीत राहतो म्हणून भर पंगतीत त्याला आळशी म्हणणारे आमचे व्याही कोंडिबा धायगुडे, यांनी माझी माफी अजून मागितलेली नाही.