बेलतळीची उभी कुस्ती

बेलतळीच्या भैरोबाच्या माळाला तेव्हा कुंपण नव्हतं, तालमीत दिवा एरंडेलाचा होता, आणि गावात पैलवान चालत निघाला की म्हातारी माणसंसुद्धा वाट सोडून कडेला उभी राहत. पाहुणा आला तर त्याला आधी तालीम दाखवायची आणि मग देऊळ, अशी गावाची रीत होती. त्या काळात येताळा जगदाळे नावाचा एक पैलवान होऊन गेला. त्याची ही गोष्ट. आता ती ऐकून आलेली माणसंही थोडीच उरलीत, म्हणून नीट ऐका.

येताळाची ढाक सगळ्या मुलखात नावाजलेली होती. समोरच्याचा हात बगलेत धरून कमरेत असा काही झटका द्यायचा, की माणूस वरून फिरून पाठीवर पडायचा आणि आभाळाकडे बघत राहायचा. असं म्हणतात, एकदा त्याने ढाक मारली तेव्हा पडलेल्या गड्याचा फेटा शेजारच्या गावच्या चिंचेवर सापडला. खरंखोटं भैरोबा जाणे. पण एवढं खरं, की येताळाला त्या वर्षांत कुणी चीत केलं नव्हतं.

आणि एवढं जिंकूनही त्याच्या आईच्या पदरात कधी एक रुपया पडला नव्हता.

हे कसं, तर ऐका. दुष्काळाचं साल आलं तेव्हा तालमीतल्या पोरांना दूध मिळेना. नुसत्या भाकरीवर जोर-बैठका निघत नाहीत. तेव्हा सुभानराव ठेकेदार गावात आला. जत्रांची मैदानं तो ठेक्याने घ्यायचा, भोवती कनात बांधायचा आणि तिकीट लावायचा. तो तालमीत बसून गोड गोड बोलला. दूध माझं, तूप माझं, बदाम माझे, तुम्ही फक्त अंग कमवा, म्हणाला. पोरांनी करारावर अंगठे उठवले. कागदात काय आहे ते कुणी विचारलं नाही, कारण खायला घालणाऱ्याला असं विचारायचं नसतं, असं त्या भाबड्या लोकांना वाटायचं. कागदात असं होतं, की इनाम ठेकेदाराचं. दुसऱ्याच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, पाय टाकायचा नाही. अंग मोडलं तर खुराक बंद, पण करार चालूच. कुस्ती खेळणाऱ्याचे गुडघे जायचे आणि कुस्ती लावणाऱ्याचे मळे वाढायचे. अशी ती व्यवस्था होती, आणि तिला लोक पैलवानांची सेवा म्हणायचे.

येताळाची आई तानूबाई तोंडाने फटकळ होती. एकदा मैदान मारून लेक घरी आला, तर त्याच्याकडे वरखाली बघून म्हणाली, "काय रं, दूध तू पितूस का त्यो ठेकेदार? पोट तर त्याचं सुटत चाललंय."

"आये, गप की."

"मी गप बसंन. माझ्या चुलीला कसं गप बसवू?"

येताळाला ते लागलं. दुसऱ्या गावचे पैलवान इनाम जिंकले की आधी आईच्या पायावर ठेवत. त्याच्या हातात मात्र हार यायचा, तोही संध्याकाळपर्यंत सुकायचा. एकदा तरी आपल्या नावाने कुस्ती मारावी आणि आईची ओंजळ भरावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्या वर्षी भैरोबाच्या जत्रेआधी सुभानरावाने त्याला बोलावून घेतलं. शेवटची मोठी कुस्ती दस्तगीर मुल्लाशी आहे, म्हणाला. "ती मारलीस की कागद फाडतो. तू मोकळा. हरलास तर म्होरली पाच वर्सं माझीच."

येताळाने देवळात जाऊन भैरोबाला हात जोडले. सुटका एका ढाकेवर आली होती.

दस्तगीरही सुभानरावाचाच पैलवान. नदीपलीकडचा, उंचापुरा, हसऱ्या तोंडाचा. दोघांची पूर्वी एका जत्रेत गाठ पडली होती आणि एकाच फडक्यातली भाकरी त्यांनी खाल्ली होती. दोन्ही बैल एकाच गोठ्यातले, झुंज लावायची आणि गल्ला आपण घ्यायचा. सुभानरावाचं हे डोकं. शिवाय त्याने दवंडी पिटवली, की कुस्ती निकाली होणार, वेळेचं बंधन नाही, पंचाने मध्ये पडून सोडवायची नाही. कारण कुस्ती बरोबरीत सुटली की लोक तिकिटाचे पैसे परत मागायचे.

जत्रेचा दिवस उजाडला. माळ फुलून गेला. लहानसहान कुस्त्या झाल्या आणि ऊन कलताना दोघे हौद्यात उतरले. बापू हलगीवाल्याने हलगी अशी कडाडून लावली, की देवळाच्या घंटा आपोआप वाजू लागल्या, असं म्हणतात. येताळाने शड्डू ठोकला. सलामीला उजवा हात पुढे केला.

दस्तगीरने डावा हात दिला.

लोकांना ते दिसलं नाही. पैलवानाला दिसलं. कुणीही पैलवान सलामीला डावा हात देत नाही. येताळाने त्याच्या मानेवर पंजा टाकला, माथ्याला माथा लावला आणि खडाखडीच्या निमित्ताने त्याचा उजवा खांदा चाचपला. खांदा जागेवर नव्हता. कातड्याखाली हाड सैल हलत होतं.

"कवापासनं?" येताळाने ओठ न हलवता विचारलं.

"मागच्या मैदानात निखळला. हाडवैद्यानं बसवलाय, पर धरंना."

"मग आलास कशाला मराय?"

"न्हाई आलो तर खुराक बंद. घरात बाळंतीण हाय. माझं दूध तिला जातंय." दस्तगीर थोडा हसला. "तुझी ढाक बसली तर हात जाईल, ते ठाव हाय मला. मार. मी बोल लावणार न्हाई. तुझा कागद फाटतोय ह्यात, ते बी ऐकलंय."

येताळाचे हात ढाकेच्या जागेवरच होते. असा सोपा गडी त्याला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. एक झटका, आणि कागद फाटला असता, पुढचं इनाम आईच्या ओंजळीत पडलं असतं. बाहेर माणसं आरोळ्या ठोकत होती, ढाक, ढाक. त्याला त्या घटकेला काय वाटलं ते सांगायला तो आज नाही. पण ढाकेच्या जागेवरून त्याने हात काढून घेतला, ते पहिल्या रांगेतल्यांनी पाहिलं होतं.

"दस्तू," तो म्हणाला, "असाच उभा ऱ्हा."

"किती येळ?"

"पाय हाईत तवर."

आणि दोघे उभे राहिले. मानेवर पंजे, माथ्याला माथा. कुणी पुढे सरेना, कुणी मागे हटेना. लोकांना वाटलं, काय तोलामोलाची जोड आहे. ऊन उतरलं. पंच पुढे झाला, तर सुभानराव कनातीकडून ओरडला, "हात लावायचा न्हाई. निकाली हाय कुस्ती." पंच मागे सरला. बापू हलगी वाजवत राहिला, कारण पैलवान भिडलेले असताना हलगी थांबवायची नसते.

रात्र आली आणि गेली. सकाळी लोकांनी पाहिलं, तर दोघे तसेच. घामाने पायाखालची माती ओली होऊन घोटे आत गेले होते. असं म्हणतात, मुंग्यांची रांग हौद्यात आली आणि त्यांच्या पायांना वळसा घालून गेली. एक टिटवी येऊन येताळाच्या पाठीवर बसली आणि माणूस आहे हे तिला कळलंच नाही.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. बैलगाड्या जुंपून गावंच्या गावं निघाली. आणि सुभानरावाने काय केलं? तिकीट दुप्पट केलं. कनातीच्या दारात उभा राहून तो स्वतः ओरडू लागला, "उभी कुस्ती बघा. असली कुस्ती पुन्हा होणे नाही."

ते ऐकून येताळाचं अवसान गळालं. "दस्तू, आपण न्हाई लढलो तरी ह्याचाच गल्ला भरतोय."

"ह्यो आपली मयत बी तिकीट लावून दाखवंल," दस्तगीर म्हणाला. त्याचा खांदा आता भोपळ्यासारखा सुजला होता, आणि तरी तो हसला.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. हौद्याच्या कडेला तेव्हा बायका येत नसत. तानूबाई आली. हातात दुधाचा तांब्या होता. कुणी अडवलं नाही, कारण अडवणाऱ्याला ती काय बोलेल याचा नेम नव्हता. हौद्याच्या काठावरून वाकून तिने तांब्या आधी दस्तगीरच्या ओठाला लावला, मग लेकाच्या.

"आये, म्हशीचं हाय?"

"शेजारनीचं. उसनं." मग हळूच म्हणाली, "पाडायचं न्हाई म्हनून ठरवलंस न्हवं? मग मान वर करून सांग की. मुका पैलवान कुनाला कळायचा?"

आता बघा, हौद्यात पैलवानाने बोलायचं नसतं. बोलायचं ते अंगाने. पिढ्यान् पिढ्यांची ही शिस्त, आणि याच शिस्तीवर सुभानरावासारख्यांचे वाडे उभे राहिले होते. येताळाने ती मोडली.

"बापू, हलगी थांबव," तो म्हणाला.

हलगी थांबली. एवढ्या मोठ्या माळावर अशी शांतता पडली, की देवळामागच्या पिंपळाची पानं वाजताना ऐकू आली.

"इनाम पुकारायचं राह्यलंय. पुकार."

हलगी थांबली म्हणून ठेकेदार दारातून धावत हौद्याशी आला होता; बापूने घसा खाकरला आणि त्याच्याकडे वळला. "मालक, जिंकनाऱ्याला काय?"

"मोठं इनाम हाय," सुभानराव म्हणाला.

"किती? आनि कुनाच्या हातात?"

सुभानराव पंचाकडे बघू लागला.

"बरं, हरनाऱ्याचं काय?"

सुभानराव दाराकडे वळला. मग येताळाने सांगितलं. फार नाही, दोन-चार वाक्यांत. जिंकलो तर इनाम ह्यांचं. हरलो तरी ह्यांचंच. ह्या गड्याचा खांदा निखळलाय, आणि खुराक तुटंल म्हणून त्यो हितं उभा हाय. तुम्ही पैसं कशाचं दिलं ते बघा.

पहिल्यांदा मागून एक म्हातारा उठून उभा राहिला. म्हणाला, "हरनाऱ्याचं काय?" मग त्याच्या शेजारचा उठला. मग रांगच्या रांग. दगड कुणी उचलला नाही, शिवी कुणी दिली नाही. सगळा माळ नुसता उभा राहिला आणि एकच विचारत राहिला. असं म्हणतात, गाड्यांचे बसलेले बैलही उठून उभे राहिले. सुभानराव निघून जायला बघत होता, पण फुकटे शिरू नयेत म्हणून कनातीला त्याने एकच दार ठेवलं होतं, तेही एका माणसापुरतं, आणि तिथे माणसं उभी होती. मोकळी जागा उरली होती ती फक्त हौद्यात.

तो हौद्यात उतरू लागला. पंच म्हणाला, "मालक, पायताण." जन्मभर कुस्तीवर जगलेल्या त्या माणसाने मातीला पाय कधी लावला नव्हता. त्याने वहाणा काढल्या आणि आत पाऊल टाकलं.

आणि मातीने त्याला धरलं. दोन धिप्पाड गडी जिथे घोट्यापर्यंत गेले होते, तिथे हा गुडघ्यापर्यंत गेला. ओढून पाय निघेना. दुसरा पाय टाकला, तोही गेला. दस्तगीर म्हणाला, "मालक, हलू नगा. बोला. बोललं की हलकं वाटतंय."

सुभानराव बोलला. हरणाऱ्यालाही इनाम देईन, म्हणाला, तेव्हा माती वीतभर खाली झाली. इनाम कुस्तीआधी पैलवानाच्या माणसाच्या हातात देईन, म्हणाला, तेव्हा गुडघे मोकळे झाले. अंग मोडलं तर बरा होईपर्यंत दूध माझं, हे मात्र त्याच्या तोंडून निघेना. तो परत खाली गेला, या वेळी कमरेपर्यंत, तेव्हा कुठे निघालं. शेवटी त्याने अंगातल्या बंडीच्या खिशातून सगळे करार काढून तिथेच फाडले, आणि मातीने त्याला असा सोडला, की तो तोंडावर पडला. कुणी म्हणतं, जमिनीखाली जुनं पाणी होतं. म्हणू द्या.

मग येताळा आणि दस्तगीर एकमेकांना सोडून खाली बसले. त्या कुस्तीचा निकाल लागला नाही. इनाम आलं ते दोघांनी वाटून घेतलं, आणि तानूबाईच्या ओंजळीत येताळाने आपला वाटा ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "आधी शेजारनीचं दूध फेड." दस्तगीरचा हात पुढे बरा झाला, थोडा वाकडाच राहिला. पुढे दोघांनी मिळून बेलतळीची तालीम चालवली. येताळा शेवटपर्यंत सांगायचा, की माझी सगळ्यांत चांगली कुस्ती मी खेळलोच नाही.

आता तो माळ पूर्वीसारखा राहिला नाही. बैलगाड्या गेल्या, हौद्याच्या शेजारी कुस्तीची गादी आली, फलकांवर पुढाऱ्यांचे फोटो आले. पण भैरोबाच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीआधी अजूनही हलगी थांबते. दोन पैलवान माथ्याला माथा लावून उभे राहतात. याला गाव येताळाची उभी म्हणतं. मैदान लावणारा, मग तो सरपंच असो की आमदार, अनवाणी हौद्यात येतो आणि दोन्ही रकमा मोठ्याने सांगतो, आधी हरणाऱ्याची. पैसे दोन्ही घरच्या माणसांच्या हातात पडतात. मगच बापूचा पणतू हलगीवर काठी टाकतो.

मध्यंतरी शहरातून कुठल्याशा कुस्ती लीगचे व्यवस्थापक आले होते. कोट, बूट, गळ्यात ओळखपत्र. मैदान त्यांनी घेतलं होतं आणि पैलवानांशी करारही केले होते. रकमा गोपनीय आहेत, जाहीर करता येणार नाहीत, म्हणाले. कुणी वाद घातला नाही. दोघे पैलवान माथ्याला माथा लावून उभे राहिले आणि मागून सगळा माळ उठून उभा राहिला. बराच वेळ गेला. व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "हे असे किती वेळ उभे राहणार?"

म्हातारा म्हणाला, "तुमी बूट काढंस्तोवर."