अडवून ठेवलेला गवंडी

फार पूर्वी म्हणावं इतकं पूर्वी नव्हे, पण गावोगावी तेलाचे लाकडी घाणे फिरत होते त्या काळी, नदीकाठी एक गाव होतं. गाव उंचावर आणि बुरुडांची वस्ती खाली, पाणथळ जागेत. सुपं-टोपल्या विणून पोट भरणारी ती माणसं. पावसाळा आला की झोपड्यांत पाणी शिरायचं, आणि पाणी ओसरलं की ती पुन्हा बांबू रोवायची.

गावात यमुनाबाई नावाच्या एक श्रीमंत बाई होत्या. नवऱ्यामागे त्यांनी तेलाचा धंदा वाढवला होता. मूलबाळ नव्हतं. एका पुरात वस्तीतलं एक तान्हं मूल वाहून गेलं आणि यमुनाबाईंना अन्न गोड लागेना. त्यांनी टेकाडावरची आपली जमीन दिली, गाठीचा पैसा काढला आणि बुरुडांसाठी घरं बांधायला घेतली.

घरं कशी हवीत हे त्यांनी गवंड्याबरोबर बसून ठरवलं. तिथल्याच मातीत भुस्सा आणि चुना कालवून हातभर जाड भिंती घातल्या. वर बांबू आणि कौलं. वाऱ्याच्या बाजूला खिडक्या. टेकाडावरचे कडुनिंब त्यांनी तोडू दिले नाहीत, झाडं सोडून घरं बसवली. बुरूड स्वतःच माती तुडवायला आले, त्यामुळे खर्चही आवरला. तरी पैसा अर्ध्याच कुटुंबांना पुरला.

जानबा नावाचा म्हातारा आणि त्याची बायको कोंडाबाई यांची पाळी पहिल्या घरांतच आली होती. पण जानबा म्हणाला, "लेकुरवाळ्यांना जाऊ द्या आधी. आम्ही पिकली पानं, थांबू की."

त्या उन्हाळ्यात गाव भाजून निघालं, पण टेकाडावरच्या घरांत गारवा होता. लांबलांबची माणसं ती घरं बघायला येऊ लागली. यमुनाबाई रस्त्याने निघाल्या की लोक हात जोडायचे. बायका म्हणायच्या, "बाई, तुमच्यासारख्या तुम्हीच." हे ऐकायला यमुनाबाईंना गोड वाटायचं. इतकं गोड, की पुढे पुढे ते ऐकायला मिळावं म्हणूनच त्या टेकाडावर चक्कर मारू लागल्या.

मग एक दिवस बाजारात बातमी पसरली. गावातले कापसाचे व्यापारी शेठ टेकाडावरच्या उरलेल्या जागेत बाकीच्या अर्ध्या कुटुंबांना घरं बांधून देणार होते.

"शेठची घरं बाईंच्या घरांपेक्षा मोठी होणार म्हणे," पानवाला कुणाला तरी सांगत होता.

यमुनाबाईंनी ते जाता जाता ऐकलं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. जानबाला, कोंडाबाईला घर मिळणार होतं. पण त्या दिवशी त्यांना भाकरी उतरेना. मनात एकच घोळत होतं: सुरुवात मी केली, जमीन मी दिली, आणि आता नाव शेठचं होणार.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः घरी आले. ओसरीवर बसत म्हणाले, "वहिनी, मला यातलं काही कळत नाही. तुमचा गवंडी काही महिने द्या. तुम्ही केलंत तसंच करतो."

यमुनाबाईंनी त्यांच्यापुढे गूळपाणी ठेवलं. एक शब्द उच्चारला असता तर काम झालं असतं. पण तो ओठांवर येईना.

"गवंडी माझ्याच कामात अडकलाय, भावजी," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही कशाला मातीत हात घालता? तुम्हाला दगडी फरश्यांच्या भिंती शोभतील. वर पत्रे ठोका, पावसाच्या आत उरकेल."

"झाडांचं काय करू? जागा अपुरी पडतेय."

"ते तुम्ही बघा," यमुनाबाई म्हणाल्या.

शेठ गेले. बोलणं खरं ठरावं म्हणून यमुनाबाईंनी गवंड्याला बोलावून आपल्या माजघराची चांगली भिंत पाडायला सांगितली. गवंडी बघतच राहिला, पण हुकमापुढे काय बोलणार? भिंत पडली, पुन्हा उभी राहिली.

शेठची घरं झटपट झाली. झाडं तोडल्यामुळे जागा भरपूर निघाली होती. घरं मोठी होती, देखणी होती. बुरूड वाजतगाजत राहायला गेले आणि कोंडाबाईने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं. पावसाळा सुखात गेला. पण फाल्गुन सरला तसे पत्रे तापू लागले. पातळ फरश्या दिवसभराचं ऊन पिऊन रात्री ओकायच्या. माणसं चटया घेऊन यमुनाबाईंच्या घरांच्या सावलीत येऊन बसू लागली.

"तुमच्या घरांची सर नाही यायची, बाई," एकजण म्हणाला.

यमुनाबाई त्या दिवशी पोटभर जेवल्या.

वैशाखात जानबाचे पाय सुजले आणि त्याला उठून सावलीपर्यंत जाता येईना. कोंडाबाई ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसत बसायची. एका दुपारी ती नदीवर पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा जानबाचं अंग चुलीतल्या विटेसारखं तापलं होतं. हाक मारली तरी ओ देईना. माणसं धावली, त्याला उचलून कडुनिंबाखाली नेलं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

तेराव्यानंतर कोंडाबाई यमुनाबाईंच्या दारात आली. हातात एक नवं सूप होतं.

"त्यांनी विणलेलं शेवटचं," ती म्हणाली. "तुमच्यासाठी ठेवलं होतं. म्हणायचे, बाईंपाशी पैसा उरला असता तर त्यांनी आपल्यालाही तसंच गार घर दिलं असतं. शेठनी जीव लावून बांधलं, पण त्यांना बिचाऱ्यांना सांगणारं कुणी नव्हतं."

यमुनाबाईंच्या हातून सूप घेववेना.

"कोंडाबाई," त्या म्हणाल्या, "शेठ माझ्याकडे विचारायला आले होते."

"मग?"

"मी सांगितलं नाही. पत्रे घाला, असं मीच म्हणाले. गवंडी घरात अडवून ठेवला."

"का हो बाई?"

यमुनाबाईंनी मान खाली घातली. "लोक त्यांचं नाव घेतील म्हणून."

 कोंडाबाई रडली नाही, ओरडलीही नाही. तिने सूप काखेत मारलं.

"माझ्या शेजारी एक गरोदर पोर राहते," ती म्हणाली. "पुढल्या उन्हाळ्यात तिचं बाळ त्या पत्र्याखाली असेल. मला काय सांगायचं ते नंतर सांगा. आधी शेठला सांगा."

यमुनाबाई अनवाणीच शेठच्या घरी गेल्या. पेढीवर चारचौघं बसली होती, त्यांच्यासमोरच सगळं बोलल्या. शेठचा चेहरा लाल झाला. "वहिनी, माझ्या पैशाने बांधलेल्या घरात माणूस मेला," एवढंच ते म्हणाले आणि आत निघून गेले.

पण सकाळी ते टेकाडावर आले. यमुनाबाई गवंड्याला घेऊन आधीच तिथे उभ्या होत्या. शेठनी पैसा घातला, यमुनाबाईंनी दोन घाणे विकले. पत्रे उतरले, फरश्यांना बाहेरून मातीचा जाड थर चढला, कौलं आली. तोडलेली झाडं मात्र परत येईनात. त्यांच्या जागी रोपं लावली आणि यमुनाबाई रोज स्वतः त्यांना पाणी घालू लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात कोंडाबाईच्या घरात गारवा होता. शेजारणीचं बाळ तिच्याकडेच झोपायचं. एका दुपारी यमुनाबाई पाण्याची घागर घेऊन दारावरून चालल्या होत्या.

"ऊन आहे," कोंडाबाई आतून म्हणाली. "आत येऊन बसा." मग जराशाने म्हणाली, "पण माझ्या धन्याचं नाव काढू नका."

यमुनाबाई आत गेल्या आणि बाळाचा पाळणा हलवत बसल्या.

तात्पर्य: आपण केलेलं चांगलं काम दुसऱ्यानेही करावं असं वाटलं, तर ते दान, आपल्याशिवाय कुणी करू नये असं वाटलं, तर तो मत्सर, आणि त्याचे चटके गरिबाला बसतात.