घाटवाटेवरची गाढवे

फार वर्षांपूर्वी एका डोंगरावर किल्ला बांधला जात होता आणि ओढ्यातले दगड गाढवे वर नेत होती. त्यांचा मुकादम एक खेचर होता. गोण्यांतले दगड तो रोज वाढवत गेला. एकदा म्हातारा भुऱ्या घाटात कोसळला आणि त्याचा पाय मोडला. मुकादमाने त्याचे दगड काढून इतरांच्या पाठीवर टाकले. तेव्हा सगळ्या गाढवांनी गोण्या झटकल्या आणि ती खाली बसली. ओझे निम्मे झाल्याशिवाय कुणीच उठायचे नाही, असे त्यांचे ठरले.

मुकादमाने वैरण बंद केली. कबरी गाढविणीचे दूध आटले आणि अंगावरचे पिल्लू कासावीस झाले. मुकादम नेमका तिच्याकडेच आला.

"कबरे, तू एकटी ऊठ. भुसा देतो, हलकी गोणी देतो. यांच्या नादाने पोराला का उपाशी मारतेस?"

कबरी उठली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

"जाऊ द्या तिला," भुऱ्या पुटपुटला. "आई आहे ती."

पिल्लाला घेऊन कबरी घाटवाटेच्या तोंडाशी गेली आणि वाट अडवून बसली. 

"उद्या हेच ओझं याच्या पाठीवर येईल, मुकादम. भुसा नको. दगड काढा."

मुकादमाने लाथ उगारली, तशी भुऱ्या सोडून बाकीची सगळी गाढवे उठून तिच्याभोवती येऊन बसली. वरून गवंडी दगडांसाठी ओरडत होते. मुकादम घुटमळला. मग त्याने एका गोणीतला धोंडा दातांनी ओढून बाहेर टाकला. कुणी हलले नाही. त्याने दुसरा काढला. सगळ्या गोण्या निम्म्या होईपर्यंत कबरी त्याच्याकडे बघत बसून राहिली.