ताळा दुसऱ्या समीकरणात

“…मग दीक्षा द्यायला हरकत काय आहे, स्वामी?”

श्रीनिवास देवस्थळे कॉलेजात गणित शिकवत आणि घरी चिडत. एकदा बायकोसमोर, सुनीतीसमोर, ताट भिरकावलं, तेव्हा स्वतःलाच घाबरून ते तडक मठात आले. इथे त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता. याचं त्यांना स्वतःचंच भारी कौतुक होतं.

“राग गेला म्हणता?” अप्पास्वामींनी विचारलं.

“समूळ.”

स्वामी रोज गावातल्या मुलांना गणित शिकवत. ओसरीवरच्या फळ्यावर आजचं उदाहरण तसंच राहिलं होतं.

क्ष + य = १२
२क्ष − य = −३

“तेवढं सोडवा.”

शाळेतलं उदाहरण! देवस्थळ्यांना हसू आलं. त्यांनी उभ्याउभ्याच दोन्हींची बेरीज केली. य उडाला.

“क्ष पाच. तो पहिल्या समीकरणात ठेवला की य सात.”

“ताळा?”

“पाच आणि सात बारा. जुळलं.”

“दुसऱ्यात?”

“त्याची काही गरज नाही. पाचाची दुप्पट दहा, त्यातून सात गेले…”

ते थांबले. उरत होते तीन. हवे होते उणे तीन. घाईत वजाचं चिन्ह सुटलं होतं, आणि याच चुकीसाठी त्यांनी कितीतरी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यांचे कान तापले.

“पण पहिल्यात तर जुळलं!”

“य कुठून काढलात?”

“पहिल्यातूनच.”

“मग तिथे चुकलेलं उत्तरही जुळतं.”

देवस्थळे फळ्याकडे बघत राहिले. मठात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली.

“इथे मला कुणी उलट बोलत नाही, स्वामी,” ते हळूच म्हणाले. “आणि घरी सुनीती… तिला मी निघतो म्हणून सांगितलंसुद्धा नाही.”

अप्पास्वामी उठले. पायरीखालच्या देवस्थळ्यांच्या चपला त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलल्या आणि त्यांच्यासमोर मांडल्या. देवस्थळे गडबडून मागे सरले.

“हे काय, स्वामी! आणि माझी दीक्षा?”

“घरी जा. आजचा स्वयंपाक तुम्ही करा, आणि नावं सुनीतीबाईंना ठेवू द्या.”